नायटिनॉल वायर पॉलिश केली की फटीग लाइफ (वारंवार वाकवून तुटेपर्यंतचं आयुष्य) खरंच वाढतं का?

तारयंत्र:
मंडळी, ०.५ मिमीची सुपरइलास्टिक (खूप ताणली तरी मूळ आकारात परतणारी) नायटिनॉल, म्हणजे निकेल-टायटॅनियम मिश्रधातूची वायर रोटरी बेंडिंगवर (वाकवलेली तार फिरवत ठेवून) टेस्ट करतोय, एकाच हीटमधली (एकाच वितळणीतली), अर्धी ड्रॉइंगनंतरच्या काळ्या ऑक्साइडसकट आणि अर्धी इलेक्ट्रोपॉलिश केलेली (विजेने वरचा पातळ थर काढून गुळगुळीत केलेली). १.५ टक्के स्ट्रेनला (तार किती टक्के ताणली जाते ते) दोन्ही साधारण सारख्याच सायकलला तुटतात पण ०.८ च्या आसपास आलं की पॉलिशवाली कितीतरी जास्त चालते. असं का होतं? पॉलिशवर खर्च करावा का?

धातुवेडा:
जास्त स्ट्रेनला क्रॅक लवकरच पडतो, मग पृष्ठभाग कसाही असो फार फरक पडत नाही. कमी स्ट्रेनला मात्र बहुतेक आयुष्य क्रॅक सुरू होण्यातच जातं, त्यामुळे तिथे फिनिश बोलतं. लोक डायच्या उभ्या रेघांना दोष देतात, पण त्या तारेच्या लांबीतच असतात आणि बेंडिंगचा ताणही लांबीतच, म्हणून त्या तेवढ्या घातक नाहीत. आडवा ओरखडा वाईट. आणि जाड ऑक्साइड त्याहून वाईट, कारण खालचा धातू सहज ताणला जातो, ऑक्साइडला ते झेपत नाही, तो आडवा तडकतो आणि तिथेच नॉच (खाच) तयार होतो.

मायक्रॉन:
पॉलिशनंतर व्यास मोजलात का? स्ट्रेन म्हणजे व्यास भागिले वाकाच्या त्रिज्येची दुप्पट. २५ मिमी त्रिज्येला ०.५ ची तार १ टक्का, तीच ०.४८ झाली तर ०.९६. कमी स्ट्रेनला स्ट्रेन-विरुद्ध-सायकलचा ग्राफ इतका सपाट असतो की एवढ्यानेही लाइफ बरंच वाढलेलं दिसतं, आधी स्ट्रेनचा हिशोब सुधारा मग तुलना करा.

तारयंत्र:
अरे हो, मँड्रेल (ज्यावर तार वाकवतो तो गोल) तेच ठेवलं होतं, व्यास पुन्हा मोजलाच नाही! आज मोजतो.

धातुवेडा:
आणि तुटलेली टोकं फेकू नका, SEM खाली (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) बघा. तुटलेल्या तोंडावरच्या पंख्यासारख्या रेषा मागे मागे नेल्या की एका बिंदूला मिळतात. तिथे कार्बाइड किंवा ऑक्साइडचा इन्क्लूजन (धातूत अडकलेला परका कण) दिसला तर पॉलिशवर आणखी पैसे घालून उपयोग नाही, जास्त शुद्ध मेल्टची वायर घ्या. काहीच कण नाही आणि नुसता ओरखडा किंवा खड्डा दिसला तर पॉलिश नक्की करा. फक्त आधीचं ॲसिड पिकलिंग (ऑक्साइड काढायला ॲसिडमध्ये बुडवणं) लांबवू नका, हायड्रोजन आत शिरला की वायर ठिसूळ होते, वरून कितीही चकचकीत दिसली तरी.