ऊर्ध्वपातित, डीएम की नुसतं ‘बॅटरीचं पाणी’?

ऐरोलीहून:
इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी खाली गेलं म्हणून काल सेक्टरमधल्या दुकानात गेलो. ‘डिस्टिल वॉटर’ मागितलं. दुकानदाराने पाच लिटरचा कॅन पुढे सरकवला आणि पोऱ्याला सांगितलं, “बॅटरीचं पाणी एक, लिही.” कॅनवर छापलंय ‘डीमिनरलाइज्ड’, म्हणजे डीएम. लेकीने घरी पाठ्यपुस्तकातला शब्द ऐकवला, ऊर्ध्वपातित. आईचं म्हणणं, पैसे कशाला घालवलेस, आरओचं ओतायचं, तेही शुद्धच की! एका कॅनच्या निमित्ताने चार नावं झाली. पाणी एकच की वेगवेगळी? आणि मराठीत म्हणायचं काय?

महापेहून (औषध कंपनीत यूटिलिटी बघतो):
डिस्टिल म्हणजे उकळून वाफ करायची, ती थंड करून पुन्हा पाणी. क्षार तळाशी राहतात. डीएममध्ये आच लागतच नाही. पाणी रेझिनच्या, म्हणजे क्षारांचे कण धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांच्या, दोन कॉलममधून जातं. पहिल्यात कॅल्शियम, सोडियम अडकतात, दुसऱ्यात क्लोराइड, सल्फेट. त्यांच्या बदल्यात रेझिन जे सोडतं त्याचं एकत्र येऊन पाणीच होतं. रेझिन थकलं की एकाला आम्ल, दुसऱ्याला कॉस्टिक सोडा देऊन ताजं करायचं. आम्ही त्याला ‘रिजन’ म्हणतो आणि ते हटकून रात्रपाळीतच येतं.

बॅटरीला क्षार नकोत, लोह आणि क्लोराइड तर मुळीच नकोत, प्लेटी खराब होतात. तिला जंतूंचं सोयरसुतक नाही, म्हणून डीएम चालतं. तुमच्या कॅनला ‘डिस्टिल’ म्हणणं ही जुनी सवय. पण डीएम निर्जंतुक असतं असं समजू नका. रेझिन विद्युतभार असलेले कणच धरतं. साखर विरघळली असेल तर सरळ पार होते, आणि रेझिनच्या ओल्या थरात जंतू चांगले पोसले जातात.

आईंना सांगा, आरओ क्षार कमी करतं, संपवत नाही. ५०० टीडीएसचं (म्हणजे लिटरमागे ५०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार) बोअरचं पाणी ४०-५० वर आलं तरी प्यायला उत्तम, बॅटरीला नको. नवी मुंबईला येणारं मोरबे धरणाचं पाणी मुळातच गोड, आमच्या नळाला मीटर ७०च्या आसपास दाखवतो. त्याला घरी आरओ लावणं मला तरी उधळपट्टी वाटते, निम्म्याहून जास्त पाणी मोरीत जातं.

नौपाड्यातून (निवृत्त विज्ञान शिक्षिका):
शब्दाचं सांगते. ‘ऊर्ध्वपातन’ मराठीत डिस्टिलेशन, हिंदीत मात्र सब्लिमेशन! कापूर सरळ वाफ होऊन उडतो ते. त्याला आपण संप्लवन म्हणतो, आणि आपल्या ऊर्ध्वपातनाला हिंदीवाले आसवन म्हणतात. म्हणून त्यांच्या बाटलीवर ‘आसुत जल’. सेमी-इंग्लिशची मुलं हिंदी व्हिडिओ बघून यायची आणि पेपरात नेमकी उलटी उत्तरं लिहायची. मार्क कापताना माझाच जीव खालीवर व्हायचा.

शब्द रसशास्त्रातला, म्हणजे आयुर्वेदातल्या पारा-धातूंच्या औषधविद्येतला आहे. पारा शुद्ध करायच्या संस्कारांत पातन तीन प्रकारचं: ऊर्ध्व, अधः आणि तिर्यक्. ऊर्ध्वपातनात मडक्यावर मडकं पालथं घालून सांधा लिंपतात, खालून जाळ, वरच्या मडक्यावर ओलं फडकं. पारा वर चढून वरच्या मडक्याला आतून चिकटतो. वर ‘पडतो’, म्हणून ऊर्ध्वपातन. तिर्यक्पातनात वाफ नळीतून आडवी दुसऱ्या भांड्यात जाते, म्हणजे आपल्या प्रयोगशाळेतला कंडेन्सरच. माझ्या मते डिस्टिलेशनला तिर्यक्पातन जास्त शोभलं असतं, पण आता रुळलेला शब्द हलवू नये. ‘आसवन’ मराठीत आणायला माझा विरोध आहे. आपली आसवं, द्राक्षासव वगैरे, आंबवलेली असतात. घरगुती शब्द हवा तर ‘अर्क काढणं’ आहेच, ओव्याचा अर्क असाच निघतो.

आणि ‘शुद्ध’? पूजेत पंचामृतानंतर शुद्धोदक स्नान घालतात ते तांब्यातलं साधं पाणी. तिथे शुद्ध म्हणजे दूध-दही न मिसळलेलं. तेव्हा आईंचं वाक्य चूक नाही, अर्धं आहे. कशापासून शुद्ध, ते सांगायला हवं.

घणसोलीहून (नर्स):
आमच्याकडे चौथंच पाणी. पावडरच्या अँटिबायोटिकबरोबर छोटी अँप्युल येते, ‘स्टराइल वॉटर फॉर इंजेक्शन’. नातेवाईक तिलाही ‘सलाइन’ म्हणतात. सलाइनमध्ये ०.९ टक्के मीठ असतं, अँप्युलमध्ये काहीच नाही. ते नुसतं शिरेत भरपूर गेलं तर तांबड्या पेशी पाणी ओढून फुटतात. औषध विरघळवण्यापुरतंच ते. डीएम उकळून हे होत नाही, कारण मेलेल्या जंतूंचे अवशेषही ताप आणतात आणि ते दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हलाही दाद देत नाहीत.

वाशीहून:
‘मिनरल वॉटर’ राहिलं. स्टेशनवर मागतो ती बाटली बहुतेक वेळा ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’ असते, भारतीय मानक १४५४३. खरं नैसर्गिक मिनरल वॉटर १३४२८ खाली येतं. बाटली फिरवून आकडा बघा. शिवाय बोअरच्या पाण्याला सोसायटीत सगळे ‘जड पाणी’ म्हणतात. पुस्तकात ते दुष्फेन. जड पाणी म्हणजे अणुभट्टीत लागतं ते, अलिबागजवळ थळला त्याचा कारखाना आहे. आमच्या सेक्रेटरींनी नोटीस लावली होती, “टाकीत जड पाणी आल्याने साबणाला फेस येत नाही.” खाडीपलीकडे भाभा केंद्रात नोकरी केलेले काका लिफ्टपाशी उभे राहून ती दोनदा वाचत होते.

ऐरोलीहून:
बाई, तिर्यक्पातन लेकीला सांगितलं, तिने वहीत मडकी काढलीसुद्धा. डीएमला मी ‘क्षारविरहित पाणी’ म्हणणार. दुकानात मात्र ‘बॅटरीचं पाणी’च मागेन, पोऱ्याला तेच कळतं. आईने कॅनवर खडूने लिहून ठेवलंय: “चहाला घेऊ नये.”