रि: रविवारची आसोद्याची भरीत पार्टी – ड्रमस्टिकला सॉस कधी लावायचा?

धुळ्याच्या वहिनी:
मंडळी, घाईत लिहितेय. चंपाषष्ठी झाली, वांगी मळ्यातलीच, भरीत-पुरी आणि कळण्याची भाकरी ठरलीय, तो विषय संपला. पण पोरांना आपण दुबईला करतो तसे चिकट, गोड-तिखट ड्रमस्टिक, म्हणजे कोंबडीच्या तंगड्या, हव्यात आणि ते काम माझ्याकडे आलंय, 40 नग. मळ्यात ओव्हन नाही, इथे जळगावला घरी छोटा ओटीजी आहे त्यात एका वेळी दहाच मावतात. घरी सॉस लावून पूर्ण भाजून आणू की तिथे निखाऱ्यावर करायचे? चिकनवाल्याला उद्या सकाळी सांगायचंय, आजच कळवा. मागच्या वर्षीचं खिमा-पावचं प्रकरण प्लीज कुणी काढू नका.

अमळनेरचा दादा:
वहिनी सोपं आहे, रात्रीच मध, सोया सॉस, आलं-लसूण सगळं चोळून ठेवा आणि मळ्यात डायरेक्ट जाळीवर टाका. जाळीवर मी उभा राहतो. निखाऱ्याची चव ओटीजीला येणार आहे का?

चोपड्याची ताई:
दादा, मधासकट कच्चं चिकन निखाऱ्यावर? बठ्ठं जळी जाई ना भो! साधी साखर 160 डिग्रीच्या पुढे करपायला लागते, मधातली फळसाखर तर 110च्या आसपासच रंग धरते, आणि निखाऱ्याची धग याच्या कितीतरी वर. ड्रमस्टिकला हाडापर्यंत शिजायला 35-40 मिनिटं लागतात. म्हणजे पाचव्या मिनिटाला वरून काळं आणि हाडापाशी लालच. मुरवायचं तर आलं-लसूण, लिंबू, तिखट, थोडं तेल, बस. गोड सगळ्यात शेवटी, शेवटच्या दहा मिनिटांत, ब्रशने दोन-तीन हात.

भुसावळचे काका:
सर्वांना नमस्कार. एक तर चुलीचा विषय माझ्याकडे आहे हे इथे मागेच ठरलं होतं, तेव्हा जाळीवर कोण उभं राहणार हे मला विचारून ठरवावं. दुसरं म्हणजे वांगी पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजली जाणार, तो जाळ भडकतो आणि विझतो, वांग्याला तेवढाच पाहिजे, पण त्याला निखारा धरत नाही. ड्रमस्टिकला बाभळीचा कोळसा लागेल. तिसरं, मार्गशीर्ष आहे, आपल्यातली निम्मी मंडळी महिनाभर खात नाहीत, त्यामुळे भरताच्या जाळाजवळ चिकन येता कामा नये. आमच्या आईने तर वांगी ठेचायची बडगीसुद्धा कधी दुसऱ्या कशाला लावू दिली नाही.
माझं मत विचाराल तर गावरान कोंबडी घ्या, कुकरला एक शिट्टी करा, अर्धवट शिजलं की मळ्यात नेऊन भाजा.

चोपड्याची ताई:
काका, चुलीबद्दल शंभर टक्के मान्य. पण अर्धवट शिजवलेलं चिकन गाडीतून न्यायचं नाही, प्लीज. कोमट राहिलेल्या कच्च्या मांसात जंतू झपाट्याने वाढतात आणि पंगतीत लहान पोरं आहेत. एक तर पूर्ण कच्चं बर्फाच्या डब्यात, नाहीतर पूर्ण शिजवून, मधलं काही नको. कुकरमध्ये मांस हाड सोडतं, मग पोरं धरणार काय? गावरान तर रश्श्यालाच, तिची तंगडी अर्ध्या-पाऊण तासात भाजून कधीच मऊ होत नाही. याला ब्रॉयलरच.

शारजातून, यंदा येऊ न शकलेला नंदुरबारकर:
एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये. आपल्याकडे इथे आखातात पाकिटात ड्रमस्टिक कातडीसकट येतात, जळगावला दुकानदार सवयीने कातडी ओढूनच देतो. आदल्या दिवशी सांगावं लागतं की गरम पाण्यात बुडवून पिसं काढून द्या, कातडी ठेवा. सगळा चिकटपणा कातडीवर बसतो, तिची चरबी सुटते आणि खालचं मांस कोरडं पडत नाही. त्याने नाहीच दिलं तर रात्री दह्यात मुरवा आणि सॉसमध्ये कॉर्नफ्लॉवर थोडं जास्त घाला, नाहीतर तो घसरून खाली ट्रेमध्ये.
आणि मध कशाला? मधाचं नुसतं गोड लागतं. गुऱ्हाळाची काकवी मिळाली तर बघा, काय रंग येतो!

अमळनेरचा दादा:
काकवीला माझा पाठिंबा. पण मग सोया सॉस तरी कशाला, सरळ काकवी, चिंच आणि आपला काळा मसाला. खान्देशात बसून सोया सॉस?

चोपड्याची ताई:
काळा मसाला नको दादा, त्यात भाजलेलं खोबरं असतं, दुसऱ्यांदा आचेवर गेलं की कडू होतं. सोया खारटपणाला आणि रंगाला पाहिजेच. माझं प्रमाण एक किलोला, म्हणजे साधारण नऊ-दहा नगांना: सोया सॉस 4 मोठे चमचे, काकवी किंवा किसलेला गूळ 5, चिंचेचा दाट कोळ 2, ठेचलेला लसूण, तिखट. मंद आचेवर उकळायचं, आधी बारीक फेस येतो, मग बुडबुडे मोठे आणि सुस्त व्हायला लागतात, चमच्याच्या पाठीवर बोट ओढलं की रेघ तशीच राहते, तिथे गॅस बंद. थोडा पातळ वाटला तरी बंदच करा, गार झाल्यावर घट्ट होतो. मीठ कुठेच घालू नका, आटल्यावर सोया दुप्पट खारट लागतो. आणि कच्चं चिकन मुरवलेलं पाणी यात अजिबात ओतायचं नाही.

धुळ्याच्या वहिनी:
सगळं वाचलं, असं करतेय. कातडीसकट सांगितलंय, दुकानदार हो म्हणालाय. शनिवारी रात्री मुरवणार, रविवारी सकाळपासून चार घाण्यांत 200 डिग्रीवर नुसतेच, सॉस न लावता पूर्ण शिजवणार, हाडापाशी सुरी घातली की पाणी स्वच्छ आलं पाहिजे. थर्मामीटर माझ्याकडे आहे, 74 च्या वर गेलं की शिजलं, पण तंगडीला मी 80 पार करते, तेव्हा हाडाजवळचा चिवट भाग विरघळतो. गार करून फ्रीज, मग बर्फाच्या डब्यातून मळ्यात. तिथे कोळशावर आधी आतपर्यंत कडक गरम करायचे, मग सॉसचे हात, दर दोन मिनिटांनी उलटवत, चमक आली की उतरवायचे. दादा जाळीवर उभे राहतील, काका परवानगी देतील असं धरून चालते. संध्याकाळी थंडीत सॉस गोठतो, म्हणून पातेलं चुलीच्या कडेला ठेवा, घट्ट झाला तर दोन चमचे गरम पाणी.
वरून तीळच, दाण्याचा कूट नाही, एका पोराला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. मुरवायला पण शेंगदाण्याचं तेल नाही.

भुसावळचे काका:
परवानगी आहे. जाळी आणि चिमटा वेगळा आणतो, विहिरीच्या बाजूला मांडू, वारा तिकडून इकडे येत नाही. कोळसा पेटून वर राख धरायला अर्धा तास जातो, तोवर एकही नग जाळीवर ठेवायचा नाही. पण शेंगदाण्याचं म्हणाल तर भरतात दाणे पडणारच, दाण्याशिवाय खान्देशी भरीत होत नाही.

चोपड्याची ताई:
त्या पोराचं भरीत दाणे आणि शेंगदाण्याचं तेल पडायच्या आधीच स्वच्छ पळीने वेगळं काढायचं, ते मी बघते. बडगीत ठेचलेलं त्याला द्यायचं नाही.

अमळनेरचा दादा:
कांद्याची पात किती जुड्या आणू? भरताला आणि ड्रमस्टिकवर दोन्हीकडे लागेल ना?