मदत हवी आहे : घरच्या गॅरेजसाठी एअर कॉम्प्रेसर, टाकी किती आणि एचपी किती?

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीजवळ आमचं घर आहे. घराखाली एका गाडीपुरतं गॅरेज आणि त्याला लागून मागची पडवी. गाडी गेली चार वर्षं अंगणातच असते, कारण गॅरेजात माझं सुतारकामाचं टेबल, ड्रिल स्टँड, छोटी करवत आणि बाबांची १९८९ सालची चेतक आहे. बाबा गेल्यापासून ती तशीच उभी होती. यंदा ती पुन्हा चालू करायची आणि रंगही स्वतःच्या हातानेच द्यायचा, असं ठरवलं आहे. इंजिनाचं काम ओळखीच्या मेकॅनिककडे बसून शिकत शिकत झालं. आता गाडं कॉम्प्रेसरपाशी अडलं आहे.

मला कॉम्प्रेसर लागणार तो असा : भुसा झटकायला, कार्ब्युरेटरची जेट साफ करायला, टायरमध्ये हवा भरायला, पुढे कधीतरी प्लायला खिळे मारायच्या गनसाठी, आणि मुख्य म्हणजे चेतकच्या रंगासाठी. चाकाचे घट्ट बसलेले नट खोलायची गन चालली तर उत्तमच.

बजेट २५ हजारांपर्यंत. गेल्या महिन्यात तीन दुकानं फिरलो. एकाने सांगितलं २४ लिटरची टाकी घरासाठी खूप झाली. दुसरा म्हणाला १०० लिटरच्या खाली बघूच नका. तिसऱ्याने ३ एचपीचं स्टिकर लावलेलं यंत्र दाखवलं, पण मोटरच्या पाटीवर ११०० वॉट लिहिलं होतं. एक एचपी (हॉर्सपॉवर) म्हणजे ७४६ वॉट, म्हणून मी ७४६ ने भागलं तर दीड एचपीसुद्धा होत नाही. त्याबद्दल विचारलं तर नीट उत्तर मिळालं नाही, म्हणून न घेता परत आलो.

आणखी तीन गोष्टी. आईची खोली गॅरेजच्या बरोबर वर आहे, तिला दुपारी झोप लागते तेवढीच. आवाजाचा विचार करावाच लागेल. गॅरेजात १६ अँपिअरचा एकच सॉकेट आहे, तोही दारापाशी. आणि एक पंक्चरवाले काका धंदा बंद करताहेत, ते त्यांचा जुना कॉम्प्रेसर स्वस्तात देतो म्हणाले आहेत. घ्यावा का?

ज्यांनी घरी वापरला आहे त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

प्रतिसाद १

दादा, पाटीवरचे वॉट बघितलेत हे फार बरं केलंत. आता एचपी आणि टाकी दोन्ही क्षणभर बाजूला ठेवा. मिनिटाला किती लिटर हवा प्रत्यक्ष बाहेर पडते ते विचारा. त्याला एफएडी म्हणतात. दुकानदार बहुतेक वेळा पिस्टनचं डिस्प्लेसमेंट, म्हणजे पिस्टन हिशेबाने जेवढी हवा ओढतो तो आकडा, सांगतो. तो आकडा कागदावरचा. एका टप्प्याच्या पिस्टन कॉम्प्रेसरमध्ये त्याच्या ६५-७० टक्के हवाच हाती लागते. कागदावर २०० लिटर असेल तर १३०-१४० धरून चाला. आकडा सीएफएममध्ये (मिनिटाला घनफूट) असेल तर २८ ने गुणा, लिटर मिळतील.

आता तुमच्या कामांकडे बघा. टायर आणि खिळे यांना हवा फार थोडी लागते, त्यांना २४ लिटरची टाकीही पुरेल. नट खोलायची अर्ध्या इंचाची गन मिनिटाला १२०-१४० लिटर खाते, पण ती चालते काही सेकंदच, त्यामुळे टाकी तिला सांभाळून घेते. खरी तहान रंगाच्या गनची. साधी गन २०० लिटरच्या आसपास, एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) जातीची तर २५०-३०० सुद्धा ओढते. तुमचा निर्णय त्या एका गनवर व्हायला हवा.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला जोडून गणित मांडतो, म्हणजे टाकीचा गोंधळ मिटेल.

५० लिटरची टाकी ८ बारवरून (बार हे दाबाचं एकक) ६ बारला आली की तिने २ गुणिले ५०, म्हणजे १०० लिटर हवा दिली. गन २०० लिटर ओढत असेल तर हे अर्ध्या मिनिटात संपतं. ६ बारला मोटर सुरू होते. ती मिनिटाला १२० लिटर भरते असं धरा. तरी ८० लिटरची तूट राहतेच. गनला मागे ३ बार तरी हवेत. ६ वरून ३ वर यायला १५० लिटर, म्हणजे पावणेदोन-दोन मिनिटं. एकूण सव्वादोन-अडीच मिनिटं सलग रंग मारता येईल, मग थांबायचं.

१०० लिटरची टाकी घेतली तर ही वेळ दुप्पट होते, पण भरायलाही दुप्पट वेळ लागतो. टाकी हवा तयार करत नाही, फक्त साठवते.

चेतकच्या दोन बाजूंची झाकणं, पुढचं मडगार्ड, हेडलाइटचा भाग हे सुटं करून एकेक रंगवलंत तर अडीच मिनिटं भरपूर झाली. मुख्य पत्र्याची बॉडी एकसंध आहे, तिथे जरा थांबत थांबत करावं लागेल. ट्रिगर तुम्ही सतत दाबून धरतच नाही, तोही वेळ मिळतो. माझ्या मते बेल्टवाला (मोटर पट्ट्याने पंप फिरवते तो) २ एचपी आणि ५० किंवा ७० लिटर टाकी. गन मात्र एलव्हीएलपी (कमी हवा, कमी दाब) घ्या, ती १००-१५० लिटरमध्ये भागवते. त्या गनला हा कॉम्प्रेसर जवळपास न थांबता पुरेल.

प्रतिसाद ३

आवाजाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी फ्लॅटमध्ये राहते, लाकडी खेळणी बनवते. पहिला कॉम्प्रेसर घेतला तो थेट मोटरला जोडलेला, मिनिटाला २८०० फेऱ्यांचा, विनातेलाचा. त्याच्या शेजारी उभं राहून माणसाशी बोलता येत नाही. दोन दिवसांत शेजारच्या आजी विचारायला आल्या आणि मलाच वाईट वाटलं. तो विकला.

आता आहे तोही विनातेलाचा, पण १४०० फेऱ्यांचा, "सायलेंट" म्हणून विकतात तो. दातांच्या डॉक्टरांकडे असतो त्या जातीचा. आवाज येतो, पण घरघर इतपतच. मात्र हवा कमी देतो. माझा ११०० वॉटचा शंभरेक लिटर देतो. खिळे मारायला, भुसा झटकायला छान. स्कूटर रंगवायला मी त्याच्यावर भरवसा ठेवणार नाही.

बेल्टवाला या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. त्याचा पंप सावकाश फिरतो, आवाज जाडसर असतो, कानाला टोचत नाही. तुमच्याकडे पडवी आहे ना? मग तो तिथे ठेवा आणि नळी आत आणा. काकूंची झोपही राहील.

प्रतिसाद ४

इलेक्ट्रिशियन आहे, माझ्या विषयापुरतं सांगतो.

२ एचपीची सिंगल फेज मोटर चालू असताना ९-१० अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट झटका मारते. १६ अँपिअरचा सॉकेट चालेल, पण मागे वायर ४ चौरस मिलिमीटर तांब्याची हवी आणि एमसीबी (जास्त करंट आला की लाइन तोडणारा स्विच) सी जातीचा, म्हणजे सुरुवातीचा झटका सोसणारा. बी जातीचा असेल तर सुरू होतानाच ट्रिप होईल आणि तुम्ही कॉम्प्रेसरला दोष द्याल.

एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. लांब बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, मोटर नुसती गुणगुणते, उचलत नाही आणि वाइंडिंग जळतं. गावात संध्याकाळी व्होल्टेज आधीच कमी असतं. सॉकेट दूर असेल तर वायर लांबवू नका, हवेची नळी लांबवा. पडवीत ठेवणार असाल तर तिथे वेगळी लाइन ओढून घ्या, अर्थिंग तपासून.

दुकानात चालवून बघताना एक लक्षात ठेवा. टाकी भरून मोटर बंद होते तेव्हा "फुस्स" असा छोटा आवाज आलाच पाहिजे. हेड (पंपाचा वरचा भाग) आणि टाकी यांच्यामधल्या नळीत अडकलेली हवा तो सोडतो. तो आला नाही तर पुढच्या वेळी मोटरला दाबाविरुद्ध सुरू व्हावं लागतं, आणि घरच्या लाइनवर ते जमत नाही.

प्रतिसाद ५

पंक्चरवाल्या काकांचा कॉम्प्रेसर घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन. पंप, मोटर, पट्टा सगळं दुरुस्त होतं. टाकी नाही. वर्षानुवर्षं ड्रेन कॉक (टाकीच्या तळाचा पाणी काढायचा नळ) उघडलेला नसेल तर तळाशी पाणी साचून पत्रा आतून खाल्लेला असतो आणि बाहेरचा रंग नवा दिसतो. ८ बारला भरलेली टाकी फाटली तर शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. घ्यायचाच असेल तर आधी टाकीची पाण्याने दाब देऊन हायड्रो टेस्ट करून घ्या, पाटीवरचा कामाचा दाब वाचा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नवा बसवा. एवढं करून किती वाचतात ते बघा.

आणि हवेच्या लाइनला पीव्हीसी पाइप वापरू नका, कितीही जण वापरत असले तरी. पाणी भरलेला पीव्हीसी फुटला तर गळतो, हवा भरलेला फुटला तर त्याचे तुकडे उडतात. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप किंवा चांगली रबरी नळी घ्या, आतून १० मिलिमीटर. ती स्प्रिंगसारखी बारीक निळी नळी टायरला ठीक, रंगाला नाही. तिच्यात दाब पडतो आणि माणूस उगाच दाब ठरवणारा रेग्युलेटर वाढवत बसतो.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काकांना काल भेटून आलो. टाकीवर पाटीच नव्हती. त्यांनाही सांगितलं की कुणाला विकण्याआधी टाकी तपासून घ्या. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं.

पडवीची कल्पना माझ्या डोक्यात आलीच नव्हती. पण एक शंका. पडवी तिन्ही बाजूंनी उघडी आहे. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींनाही पाझर फुटतो. ही ओली हवा कॉम्प्रेसरने ओढली तर रंगात पाणी येणार नाही का?

प्रतिसाद ६

येणार. कोल्हापुरात माझं गाड्यांच्या रंगाचं वर्कशॉप आहे, पावसाळ्यात आम्हालाही हाच त्रास.

३० अंश तापमान आणि ८० टक्के दमटपणा असेल तर हजार लिटर हवेत साधारण २४ ग्रॅम वाफ असते. तीच हवा ८ बारला दाबून पुन्हा थंड झाली की तिच्यात जेमतेम साडेतीन ग्रॅम मावते. बाकीचे २० ग्रॅम पाणी होऊन पडतात. तुम्ही वीस मिनिटं रंग मारलात तर अडीच-तीन हजार लिटर हवा जाईल, म्हणजे ५०-६० मिलिलिटर पाणी. रंगात त्यातले दोन थेंब गेले तरी माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात आणि पॅनल पुन्हा घासावं लागतं.

पंपातून हवा गरम निघते, तेव्हा पाणी वाफेच्याच रूपात असतं. म्हणून बहुतेक लोक टाकीच्या तोंडाशीच फिल्टर लावतात आणि पाणी त्यातून निघून पुढे नळीत पडतं. पाच-सहा मीटर जीआय पाइप भिंतीवर थोड्या उतारावर फिरवा, खालच्या टोकाला ड्रेन ठेवा आणि फिल्टर गनच्या बाजूला लावा. गनकडे जाणारा फाटा पाइपच्या वरच्या अंगाने काढा, खालून काढलात तर पाणी त्यातच उतरेल. काम संपलं की रोज टाकीचा ड्रेन उघडा. तरीही माझा सल्ला, रंगाचं काम दिवाळीनंतर करा. तेव्हा कोकणातली हवाही बरीच कोरडी होते.

आता यापेक्षा महत्त्वाचं. रंग कोणता देणार आहात? हार्डनर घालायचा टू-के पीयू (दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग) असेल तर त्यात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. साधा मास्क त्याला अडवत नाही. फुप्फुसं एकदा त्याला बिथरली की पुढे किंचित वासानेही दम्याचा झटका येतो, आणि ते परत बरं होत नाही. माझ्याकडच्या एका कारागिराला त्यापायी हे काम कायमचं सोडावं लागलं. वर आई झोपलेल्या असताना बंद गॅरेजात हे करू नका, ही कळकळीची विनंती. प्रायमर, पुटी, घासणं सगळं घरी करा. शेवटचा रंग हार्डनरचा हवा असेल तर बाहेरून ताजी हवा देणारा मास्क असलेल्या बूथमध्ये द्या. घरीच द्यायचा असेल तर विना-हार्डनरचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग निवडा, चकाकी थोडी कमी येईल, पॉलिश करावं लागेल. त्यालाही रंगाची वाफ अडवणारा मास्क आणि मोकळी जागा हवीच. त्याची वाफ पेट घेते, त्यामुळे कॉम्प्रेसरची मोटर आणि स्विच त्या जागेपासून लांब.

धागाकर्ता

दादा, हे तुम्ही लिहिलं नसतं तर मी पीयूच आणणार होतो. डबा ठरवूनही ठेवला होता. आता एनसीच, आणि अंगणात कापडी मांडव घालून. मूळ रंगसुद्धा फार चकचकीत नव्हता, बाबांच्या हाताने पुसून पुसून जी झळाळी आली होती तीच माझ्या लक्षात आहे.

धागाकर्ता (तीन आठवड्यांनंतर)

कॉम्प्रेसर घेतला, म्हणून कळवतो. बेल्टवाला, २ एचपी, ५० लिटर. पाटीवर १५०० वॉट स्पष्ट छापलेलं आहे. कोल्हापूरला उद्यमनगरात जाऊन घेतला, कारण तिथल्या दुकानदाराने घड्याळ लावून चालवू दिला. ६ बारपासून ८ बारपर्यंत यायला ४४ सेकंद लागले. ४४ सेकंदांत १०० लिटर म्हणजे मिनिटाला साधारण १३६ लिटर. त्याच्या कागदावर २१० लिहिलं आहे. "फुस्स" आवाज दोन वेळा ऐकून घेतला. १०० ग्रेडचं कॉम्प्रेसर ऑइल त्यांनीच भरून दिलं आणि गाडीचं इंजिन ऑइल यात घालू नका, असं बजावलं.

पडवीत चार विटांच्या ओट्यावर रबरी पट्ट्या घालून बसवला आहे. वेगळी लाइन, सी जातीचा एमसीबी. जीआय पाइप सहा मीटर, उतारावर. पहिल्या दिवशी ड्रेन उघडला तर अर्धी वाटी गढूळ पाणी निघालं. बजेटच्या वर साडेतीन हजार गेले, बहुतेक पाइप आणि फिल्टरमध्ये.

आई म्हणाली, मागे कुणाची तरी पिठाची गिरण चालू आहे का? पण झोप मोडली नाही.

एकच प्रश्न उरला आहे. चेतकच्या तळाचा जुना गंज काढायला सँड ब्लास्टिंग (हवेच्या जोरावर वाळूचा मारा) करावं म्हणतो, पण त्याच्या गनला तीनशे-चारशे लिटर लागतात असं वाचलं. १३६ लिटरवर लहान नोझल घेऊन हातभर जागा तरी होईल का, की वायर ब्रश आणि गंज काढायचं रसायनच बरं? कोणी केलं असेल तर सांगा.