मदत हवी आहे: १७ मार्चला आयरिश सासर जेवायला येतंय

नमस्कार मंडळी,

आम्ही शिकागोजवळ राहतो. नवऱ्याचे पणजोबा-पणजी आयर्लंडच्या मेयो परगण्यातून इकडे आले. सेंट पॅट्रिक्स डेचं (१७ मार्चचा आयरिश सण) जेवण दरवर्षी सासूबाईंकडे असतं. यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून "आमच्याकडे या" असं मीच म्हणून बसले. दोन्ही नणंदा, त्यांची पोरं, चुलत सासरे, सगळे शनिवारीच येणार. शनिवारी निदान त्यांना नदी बघायला पिटाळता येईल. १९६२ पासून इथली प्लंबरांची युनियन या सणासाठी शिकागो नदी हिरवी करते. पावडर टाकताना केशरी दिसते आणि पाण्यात पडली की हिरवीगार, पोरं खूष असतात. पण मंगळवारी १७ तारखेला सगळे माझ्याच टेबलावर. आणि गुरुवारी १९ ला पाडवा!

तर प्रश्न. सासरी या दिवशी कॉर्न्ड बीफ (खारवलेलं गोमांस) आणि कोबी ठरलेला. आमच्याकडे बीफ शिजत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. सासरे म्हणाले, मी करून आणतो, तू काळजी करू नकोस. बरोबरीने मी कोलकॅनन करणार आहे: कुस्करलेला बटाटा, केल (कोबीच्या जातीची पालेभाजी), पातीचा कांदा, दूध, आणि मधोमध खड्डा करून त्यात लोणी. (लोण्याच्या बाबतीत ही माणसं आपल्याच गोत्रातली.) पण मुख्य पदार्थ एक तरी माझ्या हातचा हवा. आयरिश स्ट्यू म्हणजे खरंच नुसतं मटण, बटाटा, कांदा? गरम मसाल्यासाठी हात शिवशिवतोय.

सोडा ब्रेडवरून तर घरात दोन तट आहेत. सासूबाई बेदाणे आणि कॅरवे (शहाजिऱ्यासारखे दाणे) घालतात, चुलत सासऱ्यांच्या मते हे पाखंड. मी कोणाची बाजू घेऊ? आणि घरचं ताक चालेल का?

शेवटचं संकट लेकीचं. बालवाडीतून लेप्रिकॉन पकडायचा सापळा करून आणायला सांगितलाय. लेप्रिकॉन म्हणजे सोन्याचा हंडा लपवणारा ठेंगू चांभार. तो सापडत नाही, फक्त हिरवी पावलं आणि चॉकलेटची नाणी टाकून पळतो. खोका, शिडी, चमकी झाली. आमिष म्हणून तिला बेसनाचा लाडूच ठेवायचाय, त्याला माझी हरकत नाही. पावलं कशी काढू?

कॉर्ककर:
ताई, सासऱ्यांना सांगू नका, पण इथे आयर्लंडमध्ये १७ तारखेला कॉर्न्ड बीफ फारसं कोणी करत नाही. गंमत म्हणजे एके काळी आमच्या कॉर्क बंदरातूनच खारवलेल्या बीफची पिंपं जगभर जायची, पण गरीब आयरिश घरात ते परवडायचं नाही. त्यांच्याकडे डुकराचं खारवलेलं मांस आणि कोबी. न्यूयॉर्कला गेलेल्यांना ज्यू खाटकांकडे ब्रिस्केट (बीफचा छातीकडचा भाग) स्वस्त मिळालं आणि तिकडचा सण तिकडे तयार झाला. अर्थात तुमच्या सासऱ्यांची परंपराही शंभरेक वर्षं जुनी आहे, त्यामुळे वाद घालू नका, खाऊ द्या.

स्ट्यूमध्ये गरम मसाला नको. अजिबात नको. बोकडाचं नाही, मेंढीचं मटण घ्या. बटाटे दोन प्रकारे चिरा: निम्मे पातळ, ते विरघळून रस्सा दाट करतात, निम्मे मोठे, ते शेवटी टाका. मीठ, मिरी, थाइम. गाजर घालावं की नाही यावर इथेही भांडणं होतात. मंद आचेवर दोन तास तरी.

सोडा ब्रेड: ४५० ग्रॅम मैदा, चमचाभर खायचा सोडा, चमचाभर मीठ, साधारण ४०० मिली ताक. इकडचा गहू मऊ, यीस्टला फारशी दाद न देणारा, म्हणून सोड्याची युक्ती. तुमच्याकडचा साधा मैदा चालेल, ब्रेडसाठी वेगळा मिळणारा चिवट मैदा नको. ताक आंबट आणि दाट हवं. आपलं जेवणानंतरचं पातळ ताक नाही चालणार. आणि मळू नका! नुसतं गोळा करा, वरून खोल फुलीचा छेद द्या, ४५० फॅरनहाइटवर १५ मिनिटं, मग ४०० वर अर्धा तास. खालून टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झालं. साधा आणि बेदाण्यांचा, दोन्ही करा. एका घरात दोन तट असले की दोन्हींना वाढावं.

आणि सजावटीत चार पानांचं क्लोव्हर लावू नका. आयर्लंडचं चिन्ह असलेल्या शॅमरॉकला तीनच पानं.

ठाण्याची आत्या:
अगं, पावलांचं काय विचारतेस? गौरीची काढतेस ना! मूठ वळून करंगळीकडची बाजू हिरव्या रंगात बुडवायची, उठवायची, वर बोटांच्या टोकांनी पाच ठिपके. हुबेहूब एवढीशी पावलं. फक्त गौर आत येते, तुझा तो बुटका बाहेर पळतोय, तेव्हा दाराकडे तोंड करून काढ.

मालवणी माणूस:
जेवणानंतर प्रश्नमंजुषा ठेवा. पहिला प्रश्न: आयर्लंडच्या कोणत्या पंतप्रधानांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यात आहे? लिओ वराडकर, गाव वराड. २०१७ मध्ये पंतप्रधान झाले, २०१९ च्या डिसेंबरात गावी येऊनही गेले. सासरच्यांना उत्तर आलं नाही तर सोलकढी प्यायला लावा.

धागाकर्ती:
आत्या, गौरीची पावलं! हे मला का सुचलं नाही. लेक आत्तापासून मूठ वळून भिंतीवर सराव करतेय, पुढची जबाबदारी तुमची.

कॉर्ककर, मेंढीचं मटण मिळालं. गरम मसाल्याचा डबा नवऱ्याने वरच्या फळीवर ठेवलाय. ब्रेड दोन्ही प्रकारचे करतेय. मालवणी दादा, वराडचा प्रश्न पक्का, पण सोलकढीची शिक्षा कसली, चुलत सासरे मागून घेतील.

आता नवीनच निघालंय. धाकटी नणंद म्हणते, आपण सगळे मंगळवारी इथे आहोतच तर गुढी तेव्हाच उभारू, हिरवी साडी लावून. मी म्हटलं, तिथीला तिथी असते, तुम्ही गुरुवारपर्यंत राहा. आणि ती हो म्हणाली! सगळेच राहणार आहेत. कोणी मला इतक्या माणसांच्या श्रीखंडाला किती दही टांगायचं ते सांगेल का?