मदत हवी आहे: स्पेस-आर मध्येच चालेनासं होतं

तिसवाडी२२: स्पेस-आर दाबलं की कर्सरखालचा परिच्छेद बाजूच्या पायथॉनमध्ये जाऊन चालायला हवा. सकाळी चालतं, मग बंद. तालुकावार पावसाचे आकडे आज द्यायचेत, लवकर सांगा.

दूधसागर: एडिटर कुठला? सिस्टिम? मॅपिंगची, म्हणजे कळ कामाला बांधणारी ओळ?

तिसवाडी२२: व्हिम, अजून काय. उबुंटू, टीमक्स (टर्मिनलचे भाग करणारा), व्हिम-स्लाईम (व्हिममधला कोड बाजूच्या भागात पाठवणारं प्लगिन). ओळ बरोबर आहे.

शुक्रवारचा_बाजार: एनमॅपऐवजी (कळ बांधायची आज्ञा) एननोरीमॅप लिहिलं असेल. उजवीकडे प्लग (प्लगिनने दिलेलं कामाचं नाव) असला की नोरीमॅप चालत नाही, ते नाव पुढे उलगडतच नाही.

दूधसागर: मग एकदाही चाललं नसतं. ‘व्हर्बोज एनमॅप’ देऊन बघा, ते मॅपिंग शेवटचं कुठल्या फाइलने बसवलं ते दिसेल.

केपें_वाट: कंट्रोल-एंटर ठेवा, सरळ काम.

दूधसागर: बहुतेक टर्मिनलमध्ये एंटर आणि कंट्रोल-एंटर दोन्हींचा कोड १३च जातो. व्हिमला फरक कळणार कसा?

साळावली: फंक्शनच्या मध्ये रिकामी ओळ असली तर साधा पायथॉन तिथेच फंक्शन संपलं असं धरतो आणि पुढच्या ओळीला इंडेंटेशन एरर देतो. आयपायथॉन (पायथॉनचा सुधारित शेल) घ्या, स्लाईमचा ब्रॅकेटेड पेस्ट (मजकूर एकगठ्ठा पेस्ट करायची सेटिंग) १ करा.

तिसवाडी२२: एरर येतच नाही हो! कर्सर एक घर उजवीकडे सरकतो, बस्स.

दूधसागर: म्हणजे स्पेस पोचतोय, आर पोचत नाही. कॉमेंट मराठीत लिहिता?

तिसवाडी२२: हो, सत्तरी, सांगे, धारबांदोडा. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डने. त्याचा काय संबंध?

दूधसागर: तोच तर संबंध. एस्केप दाबून लिहिण्यातून आज्ञा द्यायच्या मोडमध्ये आलात तरी कीबोर्ड मराठीतच राहतो. इनस्क्रिप्टमध्ये आरच्या कळीवर दीर्घ वेलांटी आहे. व्हिमला स्पेसनंतर ‘ी’ मिळते, जोडी जुळत नाही, मग नुसता स्पेस चालतो आणि कर्सर सरकतो. इन्सर्टमध्ये (लिहिण्याच्या मोडमध्ये) जाऊन ती कळ दाबा, काय उमटतं ते बघा. उपाय: त्याच प्लगला एफ५ बांधा. फंक्शनच्या कळांना इनस्क्रिप्ट हात लावत नाही. स्पेस-आरच हवं असेल तर ‘स्पेस ी’ अशी दुसरी एनमॅप ओळ जोडा.

केपें_वाट: लॅपटॉपवर एफ५ला एफएन धरावं लागतं कधी कधी.

तिसवाडी२२: ‘ी’च उमटली! एफ५ चाललं. ओळ खोडायला डीडी पण अडायचं, तेही हेच?

दूधसागर: हेच. डीच्या कळीवर हलन्त आहे. कॉमेंट संपली की आधी कीबोर्ड इंग्रजीवर आणा, मगच एस्केप.