मदत हवी आहे: लहान हातासाठी बनवलेलं सिकेटर (छाटणीची कात्री) काडी कापत नाही, चेंगरतं

नमस्कार मंडळी,

दिंडोरी तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग आहे, थॉमसन जातीची. मी नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात मशीनवर कामाला आहे, बाग मुख्यतः आई आणि भाऊ बघतात. गोडी छाटणी (फळासाठीची) पंधरा दिवसांवर आली आहे आणि मी हाताने बनवलेल्या एका सिकेटरमध्ये पुरता अडकलो आहे. लोखंडकामातले आणि बागेतले असे दोन्हीकडचे जाणकार इथे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हे का करतोय ते सांगतो. आमची लागण ९ × ५ फुटांवर आहे, म्हणजे एकरी ९६८ झाडं. झाडाला तीसेक काड्या धरल्या तर दोन एकरांत एका छाटणीला साठ हजारांच्या आसपास काप होतात. एप्रिलची खरड छाटणी वेगळीच. हे काप करणाऱ्यांत माझी आई आहे आणि पेठकडून येणाऱ्या सात-आठ बाया आहेत. दुकानात मिळणारी साधारण २१५ मिमीची कात्री पुरुषाच्या हाताच्या मापाची असते. ती पूर्ण उघडली की आईची करंगळी खालच्या दांड्यापर्यंत पोचतच नाही, अनामिकाही जेमतेम टेकते. सगळा जोर दोन बोटांवर आणि अंगठ्याच्या मुळावर येतो. मागच्या छाटणीनंतर तिचं मधलं बोट सकाळी वाकलेलं राहायचं, कोमट पाण्यात धरून मग हळूहळू सरळ करावं लागायचं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. पण छाटणी आली की ती घरात बसत नाही, आणि बसावं असं मला सांगताही येत नाही, कारण काडीवरचा डोळा (फुटव्याचा कोंब) बघून काप घेण्यात तिच्याइतकी पक्की नजर आमच्याकडे कोणाची नाही.

लहान हातासाठी परदेशी कात्री मिळते हे ठाऊक आहे. स्विस फेलकोचं ६ नंबरचं मॉडेल त्यासाठीच आहे. पण नऊ जणींसाठी नऊ घ्यायची ऐपत नाही, म्हणून स्वतः बनवायला घेतलं.

काय केलं ते असं. जुन्या कात्रीवरून ड्रॉइंग काढलं. पातं आणि खालची चोच (काडीला टेका देणारा बिनधारेचा वाकडा जबडा) जशीच्या तशी ठेवली, दांडे मात्र २५ मिमीने आखूड केले. पातं ट्रकच्या जुन्या स्प्रिंगपाट्यातून काढलं. गावातल्या लोहाराकडे भात्यावर तापवून आकार दिला, लाल करून तेलात विझवलं, मग घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर ठेवलं. चोच एम.एस.ची, म्हणजे साध्या मऊ पोलादाची. मधे ८ मिमीचा बोल्ट आणि नायलॉक नट (आपोआप ढिला न होणारा). स्प्रिंग भद्रकालीतून आणली. शेवटी धार बेंच ग्राइंडरवर काढली.

आता तक्रार. वाळलेल्या काडीवर ठीक चालतं. ओल्या काडीवर पातं अर्ध्यापर्यंत जातं, मग काडी पात्याच्या आणि चोचीच्या मधे वाकून बसते आणि साल लांब सोलून निघते. कापाच्या एका कडेला शेंडीसारखा धागा राहतो. पन्नासेक काप झाले की नखावर धार लागतच नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आई म्हणाली, "हातात नीट बसतंय रे, पण जुन्यापेक्षा जड चालतं." हे ऐकून फार वाईट वाटलं. जिच्यासाठी केलं तिलाच जास्त जोर लागतोय.

नेमकं कुठे चुकलं? स्टील, धार, बोल्ट की माप?

बागवाला_पिंपळगाव:
दादा, आधी बोल्ट बघा. स्प्रिंग काढा, एक दांडा हातात आडवा धरा आणि दुसरा पूर्ण उघडून सोडा. तो आपल्या वजनाने थोडा खाली यावा आणि मधेच थांबावा. धाडकन मिटला तर ढिला आहे, जागचा हललाच नाही तर आवळलेला आहे. ढिल्या कात्रीत पातं बाजूला सरकतं आणि तुम्ही म्हणता तसं काडी मधे घुसते. दिवसातून दोनदा तरी हे बघावं लागतं, आमच्याकडे चहाच्या सुट्टीत सगळे बघतात.

दुसरं, काडी कुठल्या बाजूने धरता? पातं झाडाकडे आणि चोच टाकून द्यायच्या तुकड्याकडे हवी. चेंगरण्याचं काम चोच करते, तो मार राहणाऱ्या काडीला लागता कामा नये. नवी पोरं उलटं धरतात आणि कात्रीला नावं ठेवतात.

आणि तारेला पातं लागू देऊ नका. मांडवाच्या तारेवर एकदा खट् झालं की त्या जागेवर खाच पडते, मग तिथे काडी कायम अडकते.

निवृत्त_फिटर:
तुझं काम मन लावून केलेलं दिसतंय, म्हणून मोकळेपणाने लिहितो. एक चूक नाही, तीन आहेत. आईचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, तिथून सुरू करतो.

कात्री म्हणजे तरफ. जुन्या कात्रीत बोल्टपासून हाताच्या पकडीचा मध्य धर १०० मिमी, आणि काडी बोल्टपासून २० मिमीवर. म्हणजे जोर पाचपट होतो. तू दांडा २५ने कमी केलास, पकड ७५वर आली, पण पातं तेवढंच ठेवलंस, म्हणून काडी अजून २०वरच बसते. ७५ भागिले २० म्हणजे पावणेचारपट. त्याच काडीला आईला एक तृतीयांश जास्त दाबावं लागतंय. ती बरोबर बोलली. आता काडी बोल्टपासून १५ मिमीवर बसेल असं कर, परत पाचपट झालं. द्राक्षाची काडी ८-१० मिमीची, तिला २५ मिमीचा जबडा कशाला हवा? ओलांडा (वेलीची जाड आडवी फांदी) कापायला करवत आहे. पातं आखूड कर, घशाचा भाग बोल्टाजवळ आण. जबडा कमी उघडला की दांडेही कमी फाकतील, म्हणजे करंगळीचा प्रश्नही तिथेच सुटतो. तू दांडे आखूड करून तो सोडवायला गेलास, सोडवायचा होता जबड्यातून.

दुसरी चूक धारेची. बायपास कात्रीचं, म्हणजे पातं चोचीला घासून पुढे जातं अशा तुझ्या कात्रीचं, पातं एकाच बाजूने उतरतं घासलेलं असतं, दुसरी बाजू सपाट आणि चोचीला घासून जाणारी. म्हणजे धारेचं टोक येतं कुठे? सपाट बाजूच्या अगदी कातडीवर. आणि भात्यात उघड्या आगीत तापवलं की पोलादाच्या वरच्या कातडीतला कार्बन जळून जातो. आतलं स्टील कडक होतं, वरचा पापुद्रा मऊच राहतो. तुझी धार त्या मऊ पापुद्र्याची आहे. खात्री करायची असेल तर चांगली नवी कानस घे. सपाट बाजूवर धारेजवळ हलकेच फिरव, मग उताराच्या मधोमध फिरव. कडक पोलादावर कानस काचेवरून जावी तशी घसरते, मऊवर चावते. सपाट बाजूला चावली आणि उतारावर घसरली तर मी म्हणतो तेच. हार्डनिंगनंतर (तापवून विझवल्यावर) सपाट बाजू पाव मिमी तरी घासून काढायला हवी होती, कूलंट लावून. बेंच ग्राइंडरवर कोरडं घासताना धार निळी पडली होती का, तेही सांग. निळा रंग म्हणजे ३००च्या आसपास गेली. तुझं ओव्हनमधलं २०० अंशांचं काम तिथे पाण्यात गेलं. २०० ते २३०ला पेंढ्यासारखा फिकट पिवळा येतो, तिथेच थांबायचं असतं. पुढच्या वेळी बॅच करशील तेव्हा अंबड-सातपूरमध्ये हीट ट्रीटमेंटवाल्याकडे दे आणि ५५-५६ रॉकवेल (कडकपणाचं माप) माग.

तिसरी चूक चोचीची. चोचीला धार नसते म्हणून लोक तिची कड एमरीने गोल करतात, हाताला लागू नये म्हणून. पात्याला घासणारी कड काटकोनात, टोकदारच राहिली पाहिजे. ती गोल झाली की काडीला वाकून आत शिरायला जागा मिळते. साल सोलण्याचं कारण तेच. चोच एम.एस.ची चालेल, पण लवकर झिजेल.

जाता जाता एक. हे अवजार १९व्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये आलं आणि तिथल्या द्राक्षमळ्यांनी ते उचललं. त्याआधी माळी वाकड्या चाकूने छाटणी करायचे. दोनशे वर्षांत मूळ रचना फारशी बदलली नाही, कारण सगळा खेळ या एवढ्या चार-पाच गोष्टींचाच आहे.

कुंड्या_आणि_गच्ची:
मी शेतकरी नाही, कॉलेज रोडला गच्चीवर बाग आहे, पण हात लहान आहे म्हणून लिहिते. स्प्रिंगकडे लक्ष द्या दादा. काप घेताना काडीबरोबर स्प्रिंगही दाबावी लागते, आणि तीही प्रत्येक वेळी. माझी कात्री मी मऊ स्प्रिंग घालून घेतली तेव्हा संध्याकाळी मनगट दुखायचं थांबलं. दांडे नुसते उघडले जातील एवढाच जोर पुरतो. आणि मिटल्यावर दांडे एकमेकांवर आपटतात तिथे रबराचा तुकडा लावा. तो धक्का कोपरापर्यंत जातो, काकूंना नक्की जाणवत असेल.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. फिटरकाका, तुमचं उत्तर मी कारखान्यात दोनदा वाचलं आणि सुट्टीनंतर कानस घेऊन बसलो. सपाट बाजूला कानस चावली, भुगा पडला. उतारावर घसरली. टोकाकडे अर्ध्या इंचावर निळी झाकही होती, ती मी आधी पॉलिशचा डाग समजलो होतो. चोच मी खरंच एमरीने गोल केली होती, आईच्या बोटाला लागेल म्हणून.

सुपरवायझर साहेबांना विचारून पातं सरफेस ग्राइंडरवर सपाट करून घेतलं, धार हाताने निसण्यावर पाणी टाकत काढली. चोचीची कड कानशीने काटकोनात आणली. बोल्ट बागवाले दादांच्या पद्धतीने लावला. रबराचा तुकडा टायरच्या ट्यूबचा बसवला. माप अजून जुनंच आहे, ते दुसऱ्या नमुन्यात बदलतो.

काल आईने त्याने तीस काड्या कापल्या. साल सोलली नाही. काप एवढा गुळगुळीत की ओल्या लाकडातलं वर्तुळ स्पष्ट दिसतं, मी बराच वेळ त्या काडीकडे बघत होतो. फक्त पात्याच्या टोकाशी धरलं तर अजून बारीक धागा राहतो. का?

निवृत्त_फिटर:
सपाट पातं आता फारच सपाट झालंय. शिंप्याची कात्री मिटवून उजेडासमोर धर, दोन पात्यांत मधे बारीक फट दिसेल. ती मुद्दाम ठेवलेली असते. पाती एका वेळी एकाच बिंदूवर टेकतात आणि तो बिंदू बोल्टाकडून टोकाकडे सरकत जातो. तुझं पातं सगळीकडे टेकतंय, म्हणून टोकाशी दाबच उरत नाही. सपाट बाजूला मधोमध किंचित खोलगट घास, धारेची कड सोडून. चाकाच्या गोलाईने आपोआप होईल. पाव मिमी खोल पुरे.

आणि काम झालं की पुसून तेल लाव. बोर्डोच्या (मोरचूद-चुन्याच्या फवारणीच्या) बादलीजवळ ठेवू नकोस. मोरचुदाचं पाणी लागलं की पोलादावर तांब्याची लाली चढते आणि तिथूनच गंज धरतो.

धागाकर्ता:
दुसरा नमुना आजपासून घेतला. एकूण लांबी १८०, काडी बोल्टपासून १५वर, जबडा २० मिमीच उघडतो. पुठ्ठ्यावर कापून आईच्या हातात दिला, करंगळी दांड्यावर पूर्ण बसली.

शेवटची एक शंका. पेठकडच्या टोळीतली एक बाई डावरी आहे. ती आजवर उजव्या हाताचीच कात्री डाव्या हाताने चालवते आणि तिचे काप कायम फाटके येतात, मुकादम तिलाच बोलतो. तिच्यासाठी ड्रॉइंग आरशासारखं उलटं केलं की झालं, की धारेचा उतारही दुसऱ्या बाजूने काढावा लागेल?

निवृत्त_फिटर:
सगळंच उलटं. पातं, चोच, उतार, अंगठ्याजवळचं लॉकसुद्धा. उजव्या कात्रीत हाताचा दाब पाती एकमेकांवर आवळतो, डाव्या हातात तोच दाब त्यांना फाकवतो. बाईचा दोष नाही, मुकादमाला तसं सांग. आणि तिचं सिकेटर सगळ्यांत आधी बनव.