ड्राफ्टपूर्वीची बुद्धिचाचणी आणि फुटलेले गुण

सप्रेम नमस्कार,

एप्रिल जवळ आला की इथल्या, म्हणजे अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधला कोणता मुलगा ड्राफ्टच्या (व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीच्या) कोणत्या फेरीत जाईल, याची चर्चा आमच्या घरी जेवणाच्या टेबलावरही थांबत नाही. यंदा मुलाशी माझा वाद झाला तो खेळाडूंच्या बुद्धिचाचणीवरून. इंडियानापोलिसच्या कंबाइनमधून, म्हणजे ड्राफ्टपूर्वी खेळाडूंची पारख होते त्या शिबिरातून, वंडरलिक ही बुद्धिचाचणी 2022 मध्ये वगळली गेली, हे त्याला योग्य वाटते. मला ते पटत नाही. पळण्याचा वेग घड्याळावर मोजायचा, उडी इंचांत मोजायची, मग क्वार्टरबॅकची, म्हणजे आक्रमणाची सूत्रे सांभाळून चेंडू फेकणाऱ्या खेळाडूची, आकलनशक्ती मोजायला हरकत कोणती? सर्वांना तेच 50 प्रश्न आणि तीच 12 मिनिटे, यापेक्षा समान न्याय कोणता असू शकतो? डॅलस काउबॉइज संघाच्या टॉम लँड्री यांच्यासारख्या प्रशिक्षकाने 1970 च्या दशकात ही चाचणी वापरात आणली, ती विचार करूनच आणली असणार. आपल्यापैकी अनेक जण अशाच प्रवेशपरीक्षांच्या जोरावर इथवर आलो. शिक्षणक्षेत्रातील सभासदांनी आपले मत अवश्य कळवावे.

आपला नम्र,
एक जुना सभासद

---

काका, सप्रेम नमस्कार.

वाचनाची अडचण असलेल्या मुलांना मी गेली अठरा वर्षे शिकवते आहे, म्हणून उत्तर लिहिते. 12 मिनिटांत 50 प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम 14 सेकंद. माझ्या वर्गातला सातवीचा एक मुलगा ओळीखाली बोट धरून वाचतो. तेवढ्या वेळात तो शाब्दिक गणिताचे पहिले वाक्य कसेबसे संपवतो. तेच गणित मी वाचून दाखवले, तर माझे पुस्तक मिटायच्या आत त्याचे उत्तर तयार असते. त्याच्यापुढे तो कागद ठेवला तर बुद्धी मोजली जाईल की वाचनाचा वेग, हे तुम्हीच सांगा.

2012 मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा खेळाडू मॉरिस क्लेबॉर्न याला या चाचणीत 50 पैकी 4 गुण मिळाल्याची बातमी फुटली, आणि त्याला शिकण्यातली अडचण असल्याचेही त्याच वेळी छापून आले. आपल्याकडे बोर्डाचे निकाल वर्तमानपत्रांत येत, तेव्हा परीक्षा क्रमांक छापले जात; कमी गुण मिळालेल्या मुलाचे नाव कोणी छापत नसे. इथे मात्र बावीस वर्षांच्या मुलाचे नाव आणि गुण देशभर चघळले गेले. डॅलसने त्याला सहाव्या क्रमांकावर निवडले, म्हणजे ज्यांना त्याचा खेळ ठाऊक होता त्यांनी त्या आकड्याला फार महत्त्व दिले नाही.

चाचणीचा कामाशी संबंध असला पाहिजे, हा मुद्दा तर न्यायालयातही मांडला गेला आहे. उत्तर कॅरोलिनातील ड्यूक पॉवर कंपनी बढतीसाठी हीच वंडरलिक चाचणी वापरत असे आणि त्यामुळे कृष्णवर्णीय कामगार चांगल्या विभागांबाहेर राहत. 1971 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती पद्धत बेकायदा ठरवली. फुटबॉलमध्येही 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन ड्राफ्टमधील 762 खेळाडूंचे गुण तपासले गेले, तेव्हा गुण आणि मैदानावरील कामगिरी यांत सांगण्याजोगा संबंध आढळला नाही. 50 पैकी 50 गुण मिळवणारे हार्वर्डचे पॅट मॅकइनॅली बेंगल्स संघाकडून प्रामुख्याने पंटर (लाथेने चेंडू लांब मारणारा खेळाडू) म्हणून खेळले, तर साधारण 15 गुणांचे डॅन मरिनो हे थोर क्वार्टरबॅक ठरले.

आता काही संघ पडद्यावरील आकृत्यांना मिलिसेकंदांत प्रतिसाद द्यायला लावणारी एस-टू चाचणी घेतात. तिच्यात वाचन जवळजवळ नसल्याने ती मला खेळाच्या अधिक जवळची वाटते. पण 2023 मध्ये क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउडचे त्या चाचणीतले कमी गुण फुटले आणि पुन्हा तेच घडले: त्याच्या आकलनावर आठवडाभर शंका घेतली गेली. ह्यूस्टनच्या संघाने त्याला ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतले आणि त्याच हंगामात तो आक्रमणातील सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला.

आकलन पाहायचेच असेल, तर कंबाइनमधील मुलाखतीत प्रशिक्षक करतात तसे खेळाडूच्या हाती खडू द्यावा, फळ्यावर स्वतःची चाल काढायला सांगावी आणि बचाव बदलला तर चेंडू कुठे जाईल हे विचारावे.

आपली,
एक शिक्षिका

---

सप्रेम नमस्कार,

ताईंचे उत्तर मी मुलाला मोठ्याने वाचून दाखवले. चाचणी असावी, हे माझे मत अजून कायम आहे. मात्र समान कागद म्हणजे समान न्याय, हे वाक्य मी मागे घेतो. गुण गुप्त ठेवण्याची हमी देता येत नसेल, तर संघांनी ते मागूच नयेत, हेही मला आता मान्य आहे.

आपला नम्र,
एक जुना सभासद